कोऱ्या पट्टीवरचं निळं

बाबांनी त्या शुक्रवारी दोन शहाळी प्यायली. दोन वर्षांनी पहिल्यांदा. पूर्णा गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर ते एक पाय खाली सोडून बसले होते आणि समोरच्या गोडाऊनमध्ये कंटेनर मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला हात करून सांगत होते, "आन... आन... बास!" ड्रायव्हर आरशात बघत होता, त्यांच्याकडे नाही. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. शहाळ्यातली मलई मी चमच्याने खरवडून दिली. ती खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "बाय, आता मानूस झाल्यासारखं वाटतं." आईने दुपारी लाल माठाची भाजी केली होती. तीही त्यांनी दोनदा मागून घेतली.

दिवस इतका साधा होता की त्यातलं मला एवढंच आठवतं.

शनिवारी सकाळी अंघोळीला उठताना ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

बाबांचं नाव केसरीनाथ. नारपोलीत त्यांचे बारा लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस, चार-चार तास. पाणी मोजून प्यायचं. शहाळं, केळी, पालेभाजी यांना हात लावायचा नाही, कारण त्यांतलं पोटॅशियम आजारी किडनीला बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठतं आणि एक दिवस हृदय थांबवतं. बाबांच्या किडनीच्या डॉक्टर, डॉ. विनितांनी आम्हाला हे कागदावर चित्र काढून समजावलं होतं. हॉस्पिटलमध्ये शनिवारी त्यांनी बाबांचा रिपोर्ट पाहिला. पोटॅशियम आठच्या वर गेलं होतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "शहाळं कोणी सांगितलं? आणि डायलिसिस दोनदा का चुकलं?"

कोणी सांगितलं, ते सांगते.

आदल्या रविवारी आम्ही गावाबाहेरच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये होतो. दोन-अडीचशे माणसं असतील. नारपोलीचे लूमवाले, शहापूरकडून जीप करून आलेल्या बायका, व्हीलचेअरवरचे म्हातारे. दारावर मोठा बोर्ड होता: 'डॉ. भूपेश, आंतरराष्ट्रीय किडनी स्पेशालिस्ट, एम.डी. (ए.एम.), एफ.एन.एस. (लंडन). ना सुई, ना मशीन, ना ऑपरेशन.' खाली रजिस्ट्रेशन नंबर. स्टेजवर पांढरा कोट घातलेला, केस काळे केलेला पन्नाशीचा माणूस माईक हातात घेऊन फिरत होता.

"किडनी म्हणजे काय? बोला, माउली! किडनी म्हणजे गाळणी! चहाची गाळणी जाम झाली तर तुम्ही ती फेकता का?"

"न्हाय!" बायका ओरडल्या.

"धुता! हे मोठे हॉस्पिटलवाले तुमची गाळणी फेकायला बसलेत. मी म्हणतो, अरे धुऊन घ्या! पण क्रिएटिनिन बाहेर काढणार कुठून? लघवीचा रस्ता तर बंद! मग? परमेश्वराने पाठ कशाला दिली आहे? टेकून बसायला?"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईने स्वतःची पाठ चाचपून पाहिली.

उपाय असा होता. दर रविवारी पेशंटला एक वीतभर पांढरी पट्टी मिळायची. ती शनिवारी रात्री कमरेवर, किडनीच्या जागी बांधून झोपायचं आणि रविवारी इथे आणायची. मग डॉ. भूपेश तिच्यावर तपकिरी बाटलीतला कापराच्या वासाचा 'विषशोधक अर्क' टाकायचे. पहिल्या आठवड्यात पट्टी शाईसारखी निळीकाळी व्हायची. तो निळा रंग म्हणजे रात्रीत पाठीतून निघालेलं विष. दुसऱ्या आठवड्यात निळं कमी. तिसऱ्यात फिकं. चौथ्यात निळं अजिबात नाही, नुसता पिवळसर डाग. त्याला 'सोनं' म्हणायचे. सोनं निघालं की डायलिसिस बंद, आणि पाचव्या दिवसापासून रोज दोन शहाळी, 'गाळणी धुवायला'.

त्या रविवारी बाबांची चौथी पट्टी होती. अर्काचे तीन थेंब पडले. पिवळा डाग पसरला.

"सोनं!" डॉ. भूपेशांनी पट्टी दोन्ही हातांनी वर धरली. "केसरीनाथजी, उद्या सुई नाही! तुमची मुलगी कुठे आहे? बेटी, वडिलांच्या हाताला आता फक्त घड्याळ बांध!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाबांनी सुयांनी गाठी आलेला हात शर्टाच्या बाहीत ओढून घेतला आणि ते रडले. बाबांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

परत येताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, "बाय, तू एवढी बुकं वाचतेस. सांग मला. सोडू का सुई?"

मी म्हणाले, "तुम्हीच ठरवा, बाबा."

तेराव्याच्या दिवशी, जेवणं आटोपल्यावर, इक्बालचाचा ओट्यावर येऊन बसले. नारपोलीत त्यांचं साईजिंग होतं. लूमवर चढण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला कांजी लावतात, म्हणजे ते विणताना तुटत नाही. तो चाचांचा धंदा. आमच्या बारा लूमचे भीम, म्हणजे ताणा गुंडाळलेले रूळ, चाळीस वर्षं त्यांच्याकडूनच यायचे. बाबा आणि ते डायलिसिसलाही शेजारच्या खाटांवर असायचे आणि चार तास एकमेकांना शिव्या देत झोपायचे.

"मृणाली, बेटा," ते म्हणाले, "सोमवारपासून मी पण सोडतो. तिसरी पट्टी एकदम फिकी आली. आता ही चौथी." त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली नवी पट्टी काढून दाखवली.

"चाचा, बाबा गेले ना त्यानेच."

"वो तो हार्ट का मामला था. सर बोलले रविवारी स्टेजवरून. केसरीनाथजी गेले, पण किडनी सोन्यासारखी घेऊन गेले."

मी चहाचा कप त्यांच्यासमोर आपटून ठेवला.

"तुझे बाबाच मला तिथे घेऊन गेले," चाचा हळूच म्हणाले. "बोलले, इक्बाल, मी मरायच्या आधी तुला बरा करून जातो. माझ्या दोस्ताची निशाणी आहे ही. तू नको बोलू."

बाबांच्या हातून झालेल्या चुकांपैकी एवढी एकच अजून दुरुस्त होण्यासारखी होती. ती माझ्यासमोर बसून चहा पीत होती.

मी पट्टी हातात घेतली. ती मऊ होती. धुऊन धुऊन जुन्या झालेल्या धोतरासारखी.

चाचा गेल्यावर मी बाबांची फाईल काढली. बाबांनी आपल्या चारही पट्ट्या रिपोर्टांमागे जपून ठेवल्या होत्या, तारखा टाकून. पहिली मी बोटांत धरली आणि तशीच थांबले. ती कडक होती. घडी घातली की घडी राहत होती. दुसरी जरा कमी कडक. तिसरी त्याहून कमी. चौथी मऊ.

लूमवाल्याच्या घरात वाढलेल्या मुलीला डोळे बांधूनही हे कळतं. लूमवरून उतरलेलं कोरं कापड कडक असतं, कारण ताण्याला कांजी असते. धुतलं की कांजी जाते आणि कापड मऊ होतं. मी लहान असताना बाबा माझं बोट धरून कापडावरून फिरवायचे आणि विचारायचे, "सांग, कोरं की धुतलेलं?"

कांजी म्हणजे खळ. स्टार्च. आणि स्टार्चवर आयोडीन टाकलं की काय होतं, हे सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. बटाट्याच्या कापाचं चित्रसुद्धा आहे.

जखमेवर लावायची आयोडीनची तपकिरी बाटली आमच्या फडताळात होतीच. डायलिसिसच्या पेशंटच्या घरी ती असतेच. मी बाबांच्या लूमवरचा एक जुना कोरा तुकडा शोधला. थेंब टाकला. निळाकाळा. दुसरा तुकडा सोडा घालून तासभर उकळला, खळखळून धुतला, वाळवला. थेंब टाकला. पिवळा.

सोनं.

चार आठवडे, चार पट्ट्या: एक कोरी, एक जराशी धुतलेली, एक जास्त धुतलेली, एक पूर्ण धुतलेली. पेशंटची पाठ यात कुठेच नव्हती. बाबांच्या शरीरात काय चाललं होतं, याची त्या कापडाला काही कल्पना नव्हती.

मग मी ते केलं जे पहिल्याच रविवारी करायला हवं होतं. राज्याच्या वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर बोर्डाच्या फोटोतला रजिस्ट्रेशन नंबर टाकला. तो भूपेश नावाच्या कुणाचाच नव्हता. दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरबाईंचा होता. नाव टाकून शोधलं, तर त्या नावाचा किडनीचा डॉक्टर यादीत नाही. 'ए.एम.' म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन, आणि 'एफ.एन.एस.' म्हणजे काय हे कुठेच सापडलं नाही. एम.बी.बी.एस., त्यावर एम.डी., त्यावर नेफ्रॉलॉजीतली डी.एम. किंवा तशीच पदवी, एवढं शिकल्यावर माणूस किडनीचा डॉक्टर होतो. मला ते माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी डॉ. विनितांकडे जाण्याआधी मी त्यांचा नंबर, पदवी, वर्ष, सगळं याच ठिकाणी तपासलं होतं. तेव्हा चार मिनिटं लागली होती. आताही चारच लागली.

खरी डॉक्टर मी तपासून घेतली होती. खोटा मात्र गावच्या ग्रुपवरून आला, 'आपल्या ओळखीतला' म्हणून आला, आणि त्याला मी साधं नावही विचारलं नाही.

मी चाचांना फोन केला. सगळं सांगितलं.

"पीठ पीछे बोलना ठीक नहीं," ते म्हणाले. "रविवारी ये. सरांच्या तोंडावर बोल."

"येते. पण चाचा, माझं एकच ऐका. शनिवारी ती पट्टी बांधू नका. खिशातच राहू दे. आणि कुणाला सांगू नका."

"म्हणजे सरांची परीक्षा घेऊ?"

"हो."

"तोबा," ते म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

रविवारी गोडाऊनमध्ये गर्दी वाढलेली होती. बाबांचा फोटो स्टेजवर लावला होता, हार घालून: 'सुवर्णसिद्ध पेशंट कै. केसरीनाथ'. मी तो पाहिला आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या शेजारी ठकुबाई नावाची आजी जमिनीवर बसली होती. सुनेसाठी आली होती. मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी आणि हातात नुकतीच मिळालेली पहिल्या आठवड्याची कोरी पट्टी.

इक्बालचाचांचं नाव पुकारलं गेलं. ते सावकाश स्टेजवर चढले. डॉ. भूपेशांनी पट्टी घेतली, हुंगली, डोळे मिटले. "अहाहा! रात्री घाम आला होता ना, इक्बालभाई? शेवटचं विष निघालं की घाम येतो." तीन थेंब. पिवळा डाग. "सोनं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरेपर्यंत चाचा थांबले. मग माईककडे वाकून म्हणाले, "सर, मैंने तो बांधी ही नहीं थी."

"काय?"

"बांधलीच नाही. आठवडाभर खिशात होती. पिशवीत."

बाहेर ट्रकचा रिव्हर्स हॉर्न वाजत होता. डॉ. भूपेश हसले. त्या माणसाला मानायलाच हवं, तो एका क्षणापेक्षा जास्त गडबडला नाही. "हीच तर शक्ती! श्रद्धा असेल तर खिशातूनसुद्धा ओढते! उपचार अंतराने होतो, माउली!"

काही लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी ठकुबाईंच्या शेजारी बसले. "आजी, तुमची पट्टी एक मिनिट देता? ही अजून कुणाला बांधलेली नाही ना?"

"आत्ता तर दिली त्या पोरीनं."

मी पर्समधून आयोडीनची बाटली काढून पट्टीच्या एका टोकावर थेंब टाकला. निळाकाळा डाग उमटला. आसपासचे लोक वाकून बघू लागले.

"हे विष कोणाचं?" मी मोठ्याने विचारलं. "पट्टी कुणाच्याच पाठीला लागलेली नाही. आजी, भाकरी दाखवा जरा."

तांदळाच्या भाकरीवर मी एक थेंब टाकला. पांढऱ्याशुभ्र भाकरीवर शाई सांडल्यासारखा डाग.

ठकुबाईंनी भाकरी वर धरून सगळ्यांना दाखवली. "अगं बया! माजे भाकरीला पन किडनीचा रोग झाला! डाक्टर, हिला कुठं बांधू पट्टी?"

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग दहा जण हसले. तो हशा त्या माणसाला माझ्या कुठल्याही पुराव्यापेक्षा जास्त लागला. "या बाई कोण आहेत?" तो ओरडला. "दिवंगत पेशंटच्या घरच्या आहेत, दुःखात आहेत, त्यांना बाहेर न्या!"

पट्ट्या वाटणाऱ्या कोटवाल्या दोन बायका माझ्याकडे निघाल्या. पण चाचा स्टेजवरून उतरले नव्हते. टेबलावर पट्ट्यांची चार खोकी होती, क्रमांक एक ते चार. त्यांनी एक नंबरच्या खोक्यात हात घातला आणि पट्टी अंगठा आणि बोटात धरून चोळली, जशी चाळीस वर्षं सूत चोळून पाहिलं असेल. मग चार नंबरमधली चोळली. त्यांचा चेहरा उतरला.

"कांजी," ते म्हणाले. माईक अजून त्यांच्यासमोरच होता. "एक नंबरमध्ये कांजी आहे. चारमध्ये नाही. अरे, ये तो हमारा ही काम है. प्रोसेसवाले कापडातली कांजी गेली का बघायला हेच आयोडीन टाकतात. निळं झालं तर परत धुवा. पिवळं झालं तर पास." त्यांनी समोर बसलेल्या लूमवाल्यांकडे पाहिलं. "मी आयुष्यभर कांजी शिजवली. आपण सगळे कापडवाले. आणि या माणसाने आपलंच कोरं कापड आपल्याच पाठीला बांधलं. डोक्यात आलंच नाही. कारण सोनं बघायचं होतं ना."

मी पुढे गेले. फोनवरची वैद्यक परिषदेची यादी चाचांच्या हातात दिली आणि ती मोठ्याने वाचायला सांगितली. नंबर, नाव, डोळ्यांच्या डॉक्टर. पहिल्या रांगेतल्या तिघांनी आपापल्या फोनवर नंबर टाकून पाहिला आणि शेजाऱ्याला दाखवला. सगळ्यांना पटलं नाही. व्हीलचेअरवरचा एक म्हातारा मला म्हणाला, "आमची आशा मोडून तुला काय भेटलं?"

डॉ. भूपेश मागच्या दाराकडे सरकत होता. जाता जाता थांबला. मला कुठे टोचायचं ते त्याला कळलं होतं.

"एवढी हुशार आहेस," तो म्हणाला, "तर वडील इथे बसले होते तेव्हा कुठे होतीस? तेव्हा का नाही काढलीस बाटली?"

माईक बंद नव्हता. सगळ्यांनी ऐकलं. स्टेजवर बाबांचा फोटो होता, हार घातलेला, लग्नात काढलेला, हसरा.

"इथेच होते," मी म्हणाले. "शेवटच्या खुर्चीवर. बोर्ड वाचला होता मी. 'ए.एम.' वाचून मला शंका आली होती. तपासायला चार मिनिटं लागली असती. नाही तपासलं, कारण दोन वर्षं सोमवार-गुरुवार, पाण्याचे पेले मोजणं, 'बाबा हे नको, ते नको' याने मी थकले होते. हा माणूस खरा निघाला असता तर मीही सुटले असते. बाबांनी मला रिक्षात विचारलं, सोडू का. मी म्हणाले, तुम्हीच ठरवा. त्यांनी माझ्या वाचलेल्या पुस्तकांवर विश्वास ठेवून विचारलं होतं, आणि मी सभ्यपणे हात झटकले. याने बाबांना फसवलं. पण मी गप्प बसले म्हणून याला ते जमलं."

मागचं दार वाजलं, तो गेला असावा. नंतर पोलिसांकडे तक्रार दिली, ती चालू आहे. पण त्या वेळी मी तिकडे पाहिलंच नाही.

"माझ्यासारखं करू नका," मी लोकांना म्हणाले. "डॉक्टरचा नंबर विचारा. खऱ्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. पदवी काय, कुठली, यादीत नाव आहे का, ते स्वतः बघा, नाही जमलं तर शाळेतल्या पोरीला बघायला सांगा. कुणी चमत्कार दाखवला तर तोच चमत्कार भाकरीवर होतो का, ते आधी करून बघा. आणि घरातल्या माणसाने विचारलं तर त्याला खरं उत्तर द्या. भांडण झालं तरी चालेल."

मी इक्बालचाचांकडे वळले. ते स्टेजच्या पायरीवर बसले होते, मऊ पट्टी मुठीत. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, अगदी बाबांनी विचारलं होतं तसंच, "बेटा, फिर क्या करूँ? सोडू का सुई?"

"नको," मी म्हणाले. "नको, बाबा. उद्या डायलिसिसला जायचं आहे. मी येते सोबत."

चाचांनी मला नाव दुरुस्त करायला सांगितलं नाही.